कंपनीने फक्त नफाच बघायचा का?

मुक्ता_म:
अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० साली लेख लिहून मांडलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. मला नाही पटत. शिसं घातलेलं पेट्रोल बघा ना, १९२३ पासून विकायला लागले, शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं, १९२४ मध्ये पेट्रोलमध्ये घालायचं ते शिशाचं रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले तरी विक्री जेमतेम वर्षभर थांबून १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि जगातल्या शेवटच्या पंपावरून ते हटलं २०२१ मध्ये!! पैसा यांच्या खिशात आणि विष लहान पोरांच्या रक्तात.

रोखठोक:
मग जाब सरकारांना विचारा, बंदी घालणं त्यांचं काम. मॅनेजर भागधारकांचा नोकर आहे, त्याने दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म का करायचा? समाजाला काय हवं ते ठरवायला निवडणुका आहेत, सीईओला कोणी मत दिलेलं नसतं.

मुक्ता_म:
दान मागतंय कोण? स्वतः केलेली घाण स्वतःच्या खर्चाने निस्तरा, बास. आणि सरकार म्हणाल तर शिसं निर्धोक आहे असं वर्षानुवर्षं सांगणारं संशोधन त्याच उद्योगाच्या पैशावर चाललं होतं, मग सरकारला खरं कळणार कुठून?

आडवाटेने:
दोघांनाही एक सांगतो, फ्रीडमनचं अर्धंच वाक्य फिरतं. नफा कमवा, पण कायदा आणि समाजात रुजलेली नीती सांभाळून, असं होतं ते. आणि व्होल्वोने १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आणला, पेटंट असूनही बाकी कंपन्यांना वापरू दिला, म्हणजे ठरवलं तर जमतं.

रोखठोक:
त्यात व्होल्वोचंही नाव झालंच की, सेफ गाडी म्हणून. स्वार्थ आणि भलं एकत्र आलं तर चांगलंच, पण ते दरवेळी येत नाही. एकाने सांडपाणी शुद्ध करायचा खर्च केला आणि शेजारच्याने तसंच नदीत सोडलं तर पहिल्याचा माल महाग होतो आणि तोच बुडतो. म्हणून म्हणतो नियम सगळ्यांना सारखा हवा, कोणाच्या सद्सद्विवेकावर सोडून चालणार नाही.

मुक्ता_म:
नियम हवाच, त्यात वाद नाही. पण तो यायला कित्येक वर्षं जातात, आणि धोका सगळ्यात आधी कळतो तो कंपनीच्या आतल्या माणसाला. त्याने तोपर्यंत रिपोर्ट दाबून ठेवायचा का? याचं सरळ उत्तर द्या.