मदत हवी आहे: वाशिष्ठीकाठची रानमोडी

मंडळी, २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढताना आमच्या वाडीलगतच्या काठावरचे करंज, शेरणीची झुडपं जेसीबीने साफ झाली. त्या उघड्या मातीवर आता रानमोडीचं तण माजलंय, पाण्यालगत बेशरमीचं. रानमोडीचं केसाळ बी वाऱ्यावर उडतं, कपड्यांना चिकटून गावभर जातं. बेशरमीचा तुटका दांडा पुरात वाहत जाऊन अडकेल तिथे मुळं धरतो. कोयत्याने तोडलं तर रानमोडी बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून पाऊस ओसरला की, फुलोऱ्याआधी, मुळासकट उपटायची ठरवलीय.

पण काठ उघडा राहिला तर परत तेच! शेरणी, वाळुंज या नदीकाठच्या झाडांची रोपं चिपळूण-खेडकडे कुठे मिळतील? फांद्या लावून जगतात का? कधी लावाव्यात? तणनाशक मात्र नको, गुरं तिथंच पाणी पितात.