कोयीचं आंब्याचं झाड काठीसारखं सरळ वाढतंय, शेंडा कुठे छाटू?

परसबाग_भोर
हापूसची कोय जागेवरच रुजली, त्याला 2 वर्षं झाली. झाड साडेपाच फूट, खोड अंगठ्याएवढं, पण फांदी एकही नाही. शेंडा कधी आणि किती उंचीवर छाटायचा? आणि हापूसच लागेल ना?

रायवळप्रेमी
हापूस लागणार नाही. हापूसच्या कोयीत गर्भ एकच असतो आणि तो परागीकरणातून झालेला, म्हणजे निम्मे गुण दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाचे. ओलूर, वेल्लईकोलंबनसारख्या दक्षिणेतल्या जातींच्या एका कोयीतून अनेक रोपं निघतात आणि त्यातली बरीचशी आईसारखी असतात. हापूस, केसर त्यात नाहीत. मोहोराला 6-8 वर्षं धरा, जास्तही लागतील. खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर चांगल्या जातीचं कलम बांधायचं ते झाड म्हणून, मात्र उत्तम. पिशवीत न वाढल्यामुळे सोटमूळ वेटोळं झालेलं नसणार.

सिकेटर
पहिला पाऊस होऊन गारवा आला की जमिनीपासून 70-80 सें.मी.वर छाटा. भर मे महिन्यात नको, उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं.

काप नेमका कुठे, हे उंचीपेक्षा महत्त्वाचं. आंब्याच्या प्रत्येक पालवीच्या शेवटी डोळ्यांचं दाट कडं असतं. कड्याच्या वर कापलंत तर एकाच ठिकाणाहून 6-8 फुटवे येतात, अरुंद कोनात चिकटून वाढतात आणि पुढे फळांच्या वजनाने तिथेच चिरतात. कड्याच्या खाली कापा. तिथले डोळे लांब लांब असतात. फुटवे वीतभर झाले की वेगवेगळ्या दिशांचे, एकमेकांच्या वरखाली असलेले 3-4 ठेवून बाकीचे खुडा. उभाच चढणारा फुटवा सुतळीने बाहेर ओढून बांधा.

कापावर बोर्डो पेस्ट: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, प्लॅस्टिकच्या भांड्यात, आणि त्याच दिवशी वापरा. लोखंडी पातं बुडवून पाहा; तांबूस थर चढला तर चुना कमी आहे.

परसबाग_भोर
मग कलम आधी की छाटणी?

रायवळप्रेमी
छाटणी आधी, कलम त्याच फुटव्यांवर. पालवी तांबूस, कोवळी असतानाच मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावरचं कलम) करा. कलमकाडी, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडाची काडी, 3-4 महिन्यांची, फुटव्याच्याच जाडीची. काडी काढण्याआधी 8-10 दिवस झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळा फुगतो. फुटव्याला मधोमध 4-5 सें.मी. चीर, काडीला तेवढीच पाचर. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवा. 2 सें.मी. रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा, वर लांबट पिशवीची टोपी घाला. तुमच्याकडच्या पावसात टोपी नसेल तर जोडात पाणी उतरून काडी काळी पडते. कोंब दिसला की टोपी काढा.

तुमच्याकडे हापूसऐवजी केसर घ्या. हापूसच हवा असेल तर वेंगुर्ल्याची रत्ना, नीलम आणि हापूसचा संकर. तिच्यात साका (फळाच्या आतला गर खराब होणं) होत नाही.

सिकेटर
एक भर. जोडाखालून येणारे फुटवे दर आठवड्याला खुडा, नाहीतर रायवळच पुढे पळतो आणि कलम मागे राहतं. जोड पक्का झाल्यावर पट्टी उभी कापून काढा. राहिली तर ती रुतून फांदी वाऱ्यात तिथेच मोडते. पहिली 2-3 वर्षं मोहोर आला तरी खुडायचा.