बॅटमनचा ‘तह’ की खरेदीखत?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावरील एका लेखाचे भाषांतर करताना मी ‘ट्रीटी’साठी सर्वत्र ‘तह’ हा शब्द योजला आहे. जॉन बॅटमनने १८३५ मध्ये आजच्या मेलबर्नच्या परिसरात कुलिन या तिथल्या मूळ रहिवाशांशी केलेल्या जमिनीच्या व्यवहारालाही तो लागू पडेल का?

उत्तर : माझ्या मते पडत नाही. पुरंदरचा (१६६५) किंवा सालबाईचा (१७८२) तह म्हणताना दोन सत्ता समोरासमोर बसल्या आहेत, हे आपण गृहीत धरतो. बॅटमन सरकारतर्फे नव्हे, तर टास्मानियातील जमीनइच्छुक मंडळींच्या एका संघातर्फे आला होता. घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ आणि दरसाल असाच काही माल, एवढ्याच्या बदल्यात सुमारे ६ लाख एकर जमीन मिळाल्याचे त्याने कुलिनांना न कळणाऱ्या इंग्रजीत लिहून घेतले. जमिनीतली मूठभर माती हाती घेण्याचा जुना इंग्रजी विधीही त्याने उरकला. आपल्याकडे उदक सोडून भूमिदान करीत, त्याचे येथे स्मरण होते. म्हणून बॅटमनच्या बाजूने पाहिल्यास ते खरेदीखतच आहे.

कुलिनांच्या बाजूने मात्र हा शब्दही चुकतो. परक्याला आपल्या भूमीत काही काळ सुरक्षित वावरू देण्याचा ‘टँडेरम’ नावाचा त्यांचा विधी आहे आणि त्यांनी हा प्रसंग तसाच मानला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. जमीन विकण्याची कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती. टँडेरमसाठी मला ‘कौल’ (अभयाचे वचन) हा जुना शब्द सर्वांत जवळचा वाटतो.

पुरवणी प्रश्न : पण कौल तर सरकार रयतेला देते ना?

उत्तर : होय, आणि म्हणूनच तो येथे शोभतो, कारण कौल देणारा भूमीचा धनी असतो आणि येथे धनी कुलिन होते. न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नर बर्कने ऑगस्ट १८३५ च्या जाहीरनाम्याने हे व्यवहार रद्द ठरवले, ते कुलिनांची फसवणूक झाली म्हणून नव्हे, तर ती जमीन ब्रिटिश राजसत्तेचीच आहे असे मानून. ब्रिटिश येण्यापूर्वी ती कोणाचीच नव्हती, ही त्यामागची समजूत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काच्या माबो खटल्यात १९९२ मध्ये फेटाळली, तोवर दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. तेव्हा लेखात ‘बॅटमनचे दस्त’ लिहावे. आज ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी जी ‘ट्रीटी’ मागतात, तिला मात्र आपण ‘करार’ न म्हणता ‘तह’च म्हणावे, कारण ‘आम्ही स्वतंत्र सत्ता होतो आणि तो अधिकार कधीच सोडला नाही’, हेच त्यांच्या मागणीचे मूळ आहे.