धागा: अमेरिकेतल्या ख्रिस्ती शाळांची सूत्रं अजून गोऱ्यांच्याच हाती का?

रेवा_जॉर्जिया:
मुलगी इथल्या एका ख्रिस्ती शाळेत आहे. वर्गात सगळ्या वर्णांची मुलं, पण प्राचार्य गोरे, विश्वस्तही सगळे गोरे. विचारलं तर उत्तर आलं, 'आम्ही वर्ण बघतच नाही.' मला हे पटत नाही. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांनी मुलांसाठी वेगळ्या खाजगी शाळा काढल्या. त्यातल्या कितीतरी चर्चच्या होत्या. बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठात १९७१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. वेगळ्या वर्णाच्या मुलामुलींनी एकत्र फिरण्यावरची बंदी तर थेट २००० साली उठली!

माधव७१:
ताई, एका विद्यापीठावरून सगळ्यांना तोलू नका. केंटकीतलं बेरिया कॉलेज १८५५ मध्ये गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती माणसांनीच काढलं. तिथे काळे-गोरे एका बाकावर शिकत. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून हे एकत्र शिकणं बंद पाडलं, कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत लढलं आणि १९०८ मध्ये हरलं. प्राचार्य निवडताना श्रद्धा आणि शिकवण्याची तळमळ बघावी. कातडी मोजायला लागलो तर त्या कायदा करणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय?

रेवा_जॉर्जिया:
बेरियाबद्दल आदरच आहे. पण धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था बघा. फुलर सेमिनरी १९४७ची, प्रिन्स्टन सेमिनरी १८१२ची. दोन्हीकडे पहिला काळा अध्यक्ष आला २०२३ मध्ये. त्याआधी श्रद्धावान काळा माणूस मिळालाच नाही, असं तुम्ही मनापासून म्हणाल?

शांतवन_नगर:
मी मराठी ख्रिस्ती, आजोबा महारवाड्यातले. आपल्याकडे वर्णाच्या जागी जात आहे. भारतातल्या कॅथलिकांत दलितांची संख्या मोठी, तरी पहिले दलित कार्डिनल (म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू), अँथनी पूला, २०२२ मध्ये झाले. वरच्या खुर्चीत आपलं माणूस दिसलं की पोराची मान ताठ होते, हे मी घरात पाहिलंय. माधवराव, याला कातडी मोजणं म्हणू नका.

माधव७१:
शांतवनजी, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरीही जागा राखून ठेवायला माझा विरोधच राहील. त्या माणसाकडे लोक आयुष्यभर 'राखीव' म्हणूनच बघतील, हा त्याच्यावरच अन्याय.

रेवा_जॉर्जिया:
राखीव जागा मागतंय कोण? आमचे प्राचार्य निवृत्त होताहेत. जाहिरात कुठे दिली, अर्ज कुणाकुणाचे आले, निवड समितीत कोण बसलंय, एवढंच मी पुढच्या पालकसभेत विचारणार आहे. यालाही तुमचा विरोध आहे का?