ग्रीक ‘त्रागोदिया’ला शोकांतिका म्हणू नये

ऋजुता: ग्रीक नाटकांवर लिहिताना ‘त्रागोदिया’ला (इंग्रजीतली ‘ट्रॅजेडी’) सरसकट शोकांतिका म्हणणं थांबवा. अथेन्समध्ये मद्यदेव डायोनिससच्या मोठ्या उत्सवात प्रत्येक कवी तीन त्रागोदिया आणि एक सॅटरनाट्य (देवाच्या अर्धपशू साथीदारांचं, म्हणजे सॅटरांचं, विनोदी नाटक) घेऊन स्पर्धेत उतरे. त्या तीन जागांवर जे सादर होई, ते त्रागोदिया. शेवट दुःखी हवा अशी अट नव्हती. इ.स.पू. ४५८ च्या ‘युमेनिडीस’मध्ये आईला मारणारा ओरेस्टिस निर्दोष सुटतो. ४१२ च्या युरिपिडीसच्या ‘हेलेन’मध्ये हेलेन आणि तिचा नवरा मेनेलाओस इजिप्तमधून सुखरूप निसटतात.

बोरूबहाद्दर: शेवट इतका सहज उडवू नका. ‘काव्यशास्त्रा’च्या १३व्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटलला सुखातून दुःखात जाणारं कथानकच हवंय, तेही दुष्टपणामुळे नव्हे, मोठ्या चुकीमुळे (हामार्तिया). असे शेवट करतो म्हणूनच युरिपिडीस त्याला सर्वांत ‘त्रागिक’ कवी वाटतो.

ऋजुता: पुढचंच प्रकरण वाचा की! १४व्यात तो सर्वोत्तम ठरवतो ती मांडणी वेगळीच: हत्या व्हायच्या आत ओळख पटते आणि ती टळते. उदाहरण युरिपिडीसच्याच नाटकातल्या, तॉरिसमधल्या इफिजेनियाचं, जी भावाला बळी द्यायच्या बेतात असते. दोन प्रकरणांचा मेळ घालताना अभ्यासकांना आजही घाम फुटतो. ६व्यातल्या व्याख्येत करुणा आणि भय आहे, शेवटाबद्दल अक्षर नाही.

खडूफळा: ‘त्रागोस’ म्हणजे बोकड, ‘ओइदे’ म्हणजे गाणं, इथवर वाद नाही. पण बोकड कशासाठी? पहिला नट मानल्या जाणाऱ्या थेस्पिसला तो बक्षीस मिळाला, असं पारोस बेटावरचा शिलालेख सांगतो. तो इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, म्हणजे फारच उशिराचा. बोकडाच्या वेशातले सॅटर म्हणावेत, तर इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेनी भांड्यांवर सॅटरला घोड्याची शेपटी असते. बळीच्या बोकडाचाही तर्क आहे. तेव्हा व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायला जाऊ नका.

ऋजुता: शिवाय आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दातून आलेलं ‘त्रागूदी’ म्हणजे नुसतं गाणं, लग्नातलंसुद्धा.

बोरूबहाद्दर: आणि ‘त्रागोदिया’ही त्याच भाषेत जिवंत आहे, २०२३ च्या तेंबी रेल्वे अपघाताला लोक तेच म्हणतात. ते सोयीस्कर विसरलात.

खडूफळा: मराठी समीक्षेत ‘शोकात्मिका’ आहेच, तो वापरा. शोक शेवटी नसला तरी नाटकाच्या गाभ्यात असतो. ‘हेलेन’मध्येही ती सुटकेआधी ट्रॉयच्या मेलेल्यांसाठी, भावांसाठी विलाप करतेच.

ऋजुता: ‘इफिजेनिया’ला तो शोभेल. ‘हेलेन’मध्ये मेनेलाओस चिंध्या पांघरून दारावर येतो आणि म्हातारी दारवाली त्याला हुसकावते. या प्रवेशाला शोकात्मिका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.