नज म्हणजे कोपरखळी? संपादकांनी खोडलं

निळीशाई:
मदत हवीये. माणूस खरेदीचा निर्णय कसा घेतो, जाहिरातवाले त्याला कसे वळवतात, यावरचा एक लांबलचक लेख मराठीत करतेय आणि एका शब्दावर दोन दिवस गाडं अडलंय. नज (nudge), म्हणजे सक्ती न करता माणसाला एखाद्या निर्णयाकडे हळूच वळवणं. अर्थतज्ज्ञ थेलर आणि कायद्याचे अभ्यासक सनस्टीन या दोघांनी 2008च्या पुस्तकातून हा शब्द सगळीकडे पोचवला, पुढे 2017 साली थेलरना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. मूळ अर्थ शेजारच्याला कोपराने हळूच ढोसणं, म्हणून मी सरळ 'कोपरखळी' लिहून मोकळी झाले. वाक्य असं होतं: "डोळ्याच्या उंचीवरच्या फळीवर ठेवलेला माल जास्त उचलला जातो, ही एक प्रकारची कोपरखळीच." संपादकांनी खोडून समासात लिहिलं, "टोमणा कुणाला मारलाय?" आता आम्ही भावंडं लहानपणी एका चटईवर अभ्यासाला बसायचो तेव्हा कोपरखळी म्हणजे खरोखरचं हाड लागायचं बरगडीत. मीच चुकतेय का?

तिरकस_रेघ:
चूक नाही ताई, पण गाडी पुढे गेलीये. आज कोपरखळी म्हणजे हसत हसत मारलेला टोमणाच. खरं कोपर मारलं तर लोक 'ढोसलं' म्हणतात.

जुनावाचक:
'प्रेरक संकेत' वापरा. सुटसुटीत, अर्थवाही.

तिरकस_रेघ:
प्रेरक संकेत म्हटलं की मला रेल्वेचा सिग्नल दिसतो, आणि वाचकाला झोप येते ती वेगळीच.

जुनावाचक:
हसा. सावरकरांनी दिलेला महापौर आज कुणाच्या घशात अडकतो का? शब्द वापरल्यानेच रुळतात. तुम्हाला सगळं इंग्रजी तसंच उचलून हवंय, मग मराठीत लिहिता तरी कशाला.

अर्धाकप:
भांडू नका हो. 'चुचकारणे' कसं वाटतं? जोर नाही, जबरदस्ती नाही, गोडीगुलाबीने आपल्याला हवं तिकडे न्यायचं.

निळीशाई:
चुचकारणं जवळचं आहे खरं, पण चुचकारताना समोरच्याला कळतं की आपल्याला चुचकारतायत. फळीवरचा माल काही बोलत नाही. आणि त्या दोघांची अट अशी की कुठलाच पर्याय बंद करायचा नाही, पैशाचं मोठं आमिष दाखवायचं नाही आणि नको असेल त्याला ते सहज टाळता आलं पाहिजे. म्हणून 'आमिष' बाद, 'रेटा' पण बाद.

खुंटीवरची_पिशवी:
मी जाहिरातीच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीयेत म्हणून जरा आगाऊपणा करतो. नजला आम्ही नजच म्हणायचो, पण अँकरिंगला, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याला मन अडकून राहतं त्याला, आमच्याकडे एकाने मस्त शब्द काढला होता, 'खुंटा'. म्हणजे खोडलेली मोठी किंमत वर लिहायची आणि खाली खरी. ती वरची कुणीच देत नसतं, पण एकदा डोळ्याने वाचली की डोकं तिच्याभोवतीच फिरतं, दावं जेवढं लांब तेवढंच चरायचं. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांच्या 1974च्या लेखात तो आकड्यांच्या चाकाचा प्रयोग आहे ना, चाक मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारलं संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के. 10 दिसलेल्यांचा मधला अंदाज 25 आणि 65 दिसलेल्यांचा 45. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी!!

जुनावाचक:
अँकर म्हणजे नांगर. खुंटा कुठून आला?

खुंटीवरची_पिशवी:
नांगर लिहिलात तर अर्ध्या लोकांना शेत दिसेल साहेब.

अर्धाकप:
खुंटा आवडला. 'खुंटा हलवून बळकट करणे' पण बसतं, घासाघीस करून थोडी कमी करून घेतली की आपणच खूष.

मात्राचूक:
मूळ प्रश्नाकडे येऊ का? माझा एक अंदाज आहे, कोपरखळी मधली खळी म्हणजे गालावरची खळी. कोपर लागलं की जिथे खड्डा पडतो ती. म्हणजे शब्द मुळात हळुवारच होता, टोमणा नंतर चिकटला. त्यामुळे नज = कोपरखळी, संपादकांना हे सांगा.

तिरकस_रेघ:
याला आधार काय?

मात्राचूक:
आधार नाही, कान आहे.

निळीशाई:
😄 संपादकांना कान सांगते. पण काल रात्री एक गंमत झाली. एक अ‍ॅप बंद करायचं होतं, फुकट महिना संपत आलेला. वर्गणी घेताना एक बटण होतं, तेही आधीच टिक करून ठेवलेलं. सोडताना सेटिंग, त्यात खाते, त्यात योजना, त्यात "इतर", आणि तिथे फिक्या राखाडी बारीक अक्षरात "रद्द करा". ते दाबलं तर भलंमोठं रंगीत बटण "थांबते, मला बचत आवडते" आणि खाली टिचभर "नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतं". दोन मिनिटं बघत बसले मी त्या ओळीकडे. हीच ती कोपरखळी! सरळसरळ टोमणा!

तिरकस_रेघ:
अगदी! याला कन्फर्मशेमिंग म्हणतात, नाही म्हणणाऱ्याला लाजवायचं. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने 2010 मध्ये फसव्या स्क्रीन-मांडणीसाठी 'डार्क पॅटर्न' हा शब्द काढला, त्याच खानदानातलं. म्हणजे संपादकांनी खोडलेला शब्द फुकट जात नाही, दुसऱ्या जागी चपखल बसतो.

खुंटीवरची_पिशवी:
आणि ते रद्द करायला चार खोल्या फिरवणं, त्याला थेलरनेच 2018 सालच्या एका लेखात म्हटलंय, स्लज. चिखल, गाळ. नज चांगल्यासाठी आणि स्लज अडवण्यासाठी.

मात्राचूक:
थांबा थांबा थांबा. स्लज म्हणजे गाळ, तर नज म्हणजे गळ! गळ आणि गाळ! इंग्रजीत यमक आहे तसंच मराठीत!

जुनावाचक:
गळ माशाला लावतात. टाळता येण्याजोगा गळ असतो का? आत्ताच वर अट वाचलीत ना.

मात्राचूक:
अहो तो गळ नाही, ती गळ. 'त्याने गळ टाकला' आणि 'तिने गळ घातली'. गळ घातली म्हणजे आग्रह केला, नाही म्हणायची मुभा असतेच की.

अर्धाकप:
आमच्याकडे 'गळ घातला' पण म्हणतात हं.

मात्राचूक:
चुकीचं म्हणतात.

अर्धाकप:
आमची आजी तसंच बोलायची, तिला चुकीचं म्हणू नका.

तिरकस_रेघ:
गळ घालणारा तोंडाने बोलतो, परत परत विनवतो. फळी विनवते का? चुचकारणं ज्या कारणाने गेलं त्याच कारणाने हेही जातं.

खुंटीवरची_पिशवी:
जाता जाता, ताईंच्या लेखात सगळीकडे 'ग्राहक' आहे. आम्ही आपापसात कायम गिऱ्हाईक म्हणायचो. शब्द एकच, ग्राहकचंच गिऱ्हाईक झालं, पण 'अमक्याचं गिऱ्हाईक केलं' म्हणजे चारचौघांत त्याची टर उडवली. तुमचं ते टिचभर बटण ग्राहकाचं गिऱ्हाईक करतं.

जुनावाचक:
गिऱ्हाईक बोलण्यात ठीक, लेखात नको. आणि इथे 'ऱ्हा' नीट टाइप करणारे तुम्ही पहिलेच, त्याबद्दल अभिनंदन.

अर्धाकप:
ऱ्हा कसा टाइप करायचा? माझ्या फोनवर र्‍हा च येतो.

निळीशाई:
उद्या सकाळी लेख द्यायचाय 🙏 तूर्त 'नज'च ठेवतेय.

मात्राचूक:
गळ का नाही??