मदत हवी आहे: जुनी होंडा सीडी ७० गरम झाली की बंद पडते, शिवाय मागची फ्रेम कापू की नको?

मंडळी, जुन्या गाड्यांशी झटापट करणाऱ्यांची मदत हवीये. काकांची होंडा सीडी ७० माझ्याकडे आलीये, ७२ सीसी, फोर-स्ट्रोक, आडव्या सिलेंडरचं इंजिन, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली), ६ व्होल्टची. बरीच वर्षं एका जागी उभी होती त्यामुळे टाकीत गंज, ब्रेकशू ड्रमला चिकटलेले, केबली जाम आणि रबराचं जे जे होतं ते सगळं कडक होऊन तडकलेलं. हे सगळं घरीच मार्गी लावलं. टाकीत सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून ठेवलं, आत थोडे नट टाकून हलवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवली नि आतून ऑइल फिरवलं, कारण ओली ठेवली की बघता बघता परत लाल होते. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले (तार घातली नाही, क्लीनर आणि हवा), इंजिन ऑइल बदललं, प्लग नवीन एनजीके सी७एचएसए, गॅप ०.६ मिमी.

आता दुखणं ऐका. थंड असताना गाडी पटकन सुरू होते, आयडलिंग एकदम झकास. पाव तास चालवली की मिसिंग सुरू, सायलेन्सरमधून फटफट आवाज, आणि मग बंद. लगेच कितीही किका मारा, ढिम्म. अर्धा तास सावलीत ठेवली की जणू काही झालंच नाही अशी चालू! बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालू होते, म्हणजे करंट मॅग्नेटोवरूनच (फ्लायव्हीलच्या चुंबकांनी वीज बनवणारा भाग) येतोय. कॉइल, कार्बोरेटर की पिस्टन? उगाच एकेक पार्ट बदलत बसायचं नाहीये.

दुसरं म्हणजे मामेभाऊ मागे लागलाय की कॅफे रेसर कर. मागची फ्रेम कापायची, पाइपचा लूप वेल्ड करायचा, कुबडवाली सीट, क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांना खाली पकडणारे दोन छोटे तुकडे) आणि एलईडी हेडलाइट. फोटोत भारी दिसतं खरं, पण ग्राइंडर हातात घेतला की हात पुढे जात नाही. तर कापू की नको?

टॅपेट_०५
एकही पार्ट विकत घेऊ नका. गाडी बंद पडेल तेव्हा तिथेच, गरम असतानाच तीन गोष्टी बघा, घरी आणून थंड झाल्यावर बघितलं तर सगळं ठीकच दिसणार. पहिलं, टाकीचं झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय, पेट्रोल खाली उतरत नाहीये. दुसरं, प्लग काढून बघा ओला की कोरडा. तिसरं, प्लग कॅपला लावून त्याची बॉडी सिलेंडरच्या फिनला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब धरा कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते, आणि किक मारा. ठिणगी निळी, जाड, कडक आवाजाची हवी. पिवळी, बारीक असेल तर रोग करंटमध्ये आहे.

आणि टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट) तपासले का? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. या इंजिनला इनलेट-एक्झॉस्ट दोन्हीला ०.०५ मिमी गॅप, इंजिन पूर्ण थंड असताना. इतका कमी गॅप असतो की जरा टाइट झाला तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसतच नाही आणि कॉम्प्रेशन जातं. फ्लायव्हीलवरची टी खूण क्रँककेसच्या खुणेला जुळवा, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलायला हवेत. हलत नसतील तर एक्झॉस्ट स्ट्रोकवर आहात, फ्लायव्हील अजून एक फेरी फिरवा.

जुनं_लोखंड
फ्रेमबद्दल बोलतो. अजिबात कापू नकोस रे बाबा. फोटोतल्या त्या कॅफे रेसर बहुतेक पाइपच्या फ्रेमच्या असतात, पाइप कापून दुसरा पाइप आत स्लीव्ह घालून जोडता येतो. तुझ्या गाडीची फ्रेम दाबलेल्या पत्र्याचे दोन भाग जोडून केलेली आहे, आतून पोकळ. मागच्या शॉकअपचा सगळा मार त्याच पत्र्यावर येतो. तिथे कापून वेल्ड मारलं की उष्णतेने पत्रा वेडावाकडा होणार, आणि वेल्ड दिसायला कितीही चकचकीत असलं तरी शेजारचा पत्रा तडकणार, तेही चालत्या गाडीवर. मामेभावाला सांग, त्याची गाडी काप. 😄

क्लिप-ऑनचंही विचार करून ठरव. सगळं वजन मनगटांवर येतं आणि पुढचा ब्रेक एवढासा ड्रम. त्यापेक्षा सपाट, कमी उंचीचा सरळ हँडलबार लाव, गाडी तितकीच देखणी दिसते आणि नाही आवडलं तर जुना परत बसतो. माझा नियम एकच, जे बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं तेवढंच मॉडिफिकेशन. काढलेला एकही मूळ पार्ट भंगारात देऊ नको.

धागाकर्ता
तपासलं. फुस्स आवाज नाही. प्लग ओला, पेट्रोलचा वास येतोय. ठिणगी मात्र पिवळी आणि मरतुकडी, मध्येच गायब. टॅपेटमध्ये एक्झॉस्टचा गॅप शून्य निघाला, रॉकर हलतच नव्हता! दोन्ही ०.०५ वर आणले. गाडी आता जास्त वेळ चालते, ओढही वाढली, पण शेवटी बंद पडतेच. आणि एक गंमत, अंधार पडल्यावर गाडी चालू ठेवून फ्लायव्हीलच्या खिडकीतून आत बघितलं तर पॉइंटवर निळ्या ठिणग्यांची नुसती आतषबाजी चाललीये. हे असंच असतं का?

वायरवाली
नसतं. तो कंडेन्सर गेलाय. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो, कंडेन्सर तो झेलतो, म्हणून कॉइलमधला करंट झटकन तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर कमकुवत झाला की ठिणगी पॉइंटवर आणि प्लग उपाशी. तुमचा बसलाय फ्लायव्हीलच्या आत, इंजिनच्या गरमीत, म्हणून थंड असताना चालतो आणि तापला की हात वर करतो. अगदी थोडी ठिणगी पॉइंटवर चालते, आतषबाजी नाही.

फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा. हातोडीने ठोकलं तर चुंबक सैल होतात आणि क्रँकच्या टोकाचे आटे बसतात. आत गेल्यावर पॉइंट बघा, एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असेल तर घासत बसू नका, नवीन घाला. गॅप ०.३ ते ०.४ मिमी, पण खरं टायमिंग म्हणजे फ्लायव्हीलवरची एफ खूण क्रँककेसच्या खुणेला जुळते त्याच क्षणी पॉइंट उघडायला हवेत. सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा, फ्लायव्हील हळू फिरवा, कागद सुटला तो क्षण.

नवीन कंडेन्सर मी स्वतः बाहेर लावते, इग्निशन कॉइलजवळ, वायर पॉइंटच्या वायरला आणि बॉडी फ्रेमच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी. जुना मात्र सर्किटमधून काढायचाच, तो तसाच राहिला तर नव्याचा उपयोग शून्य.

एलईडीचं म्हणाल तर नुसती १२ व्होल्टची बॅटरी टाकून काहीही होत नाही, कारण मॅग्नेटोची लाइटिंग कॉइल ६ व्होल्टसाठी गुंडाळलेली आहे. एकतर ती कॉइल रिवाइंड करून (तार नव्याने गुंडाळून) १२ व्होल्टचा रेग्युलेटर-रेक्टिफायर (व्होल्टेज आवरून एसीचा डीसी करणारा भाग) घाला, नाहीतर ६ व्होल्टचाच एलईडी बल्ब घ्या. मॅग्नेटोच्या एसी करंटवर थेट चालवलात तर आयडलिंगला लुकलुकेल, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

धागाकर्ता
ताई, तुमचं निदान बरोबर निघालं. पॉइंट जळून काळेनिळे झाले होते, ते बदलले, कंडेन्सर बाहेर घेतला, टायमिंग कागदाने लावलं. भर उन्हात भरपूर फिरवली, मुद्दाम बंद करून लगेच किक मारली, चालू! ठिणगी आता दिवसाही निळी दिसते. टॅपेटदादा, शून्य गॅपवर बराच काळ चालली असेल तर व्हॉल्व्ह जळला असेल का?

टॅपेट_०५
ओढ परत आली असेल आणि किक कडक लागत असेल तर बहुधा वाचला. थोडं चालवून गॅप परत मोजा, एक्झॉस्टचा पुन्हा कमी झाला असेल तर व्हॉल्व्हची सीट (तो टेकतो ती जागा) खचतेय, तेव्हा हेड उतरवा आणि व्हॉल्व्ह लॅपिंग करा (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा). हेड उतरवलंत तर तांब्याचा वॉशर ज्या स्टडवरून निघाला त्याच स्टडवर परत गेला पाहिजे, तिथून ऑइल वर जातं. ऑइलची जाळीही त्याच फेरीत धुवा, उजव्या कव्हरच्या आत आहे, या इंजिनला बाहेर फिल्टर नाही.

धागाकर्ता
ठीक, तसंच करतो. फ्रेम आहे तशीच राहणार, मामेभाऊ रुसलाय. कुबडवाली सीट मात्र बोल्टवर बसवायचीच आहे, तर तिचा बेस पत्र्याचा करू की फायबरचा?

जुनं_लोखंड
फायबर. सीटची जागा आधी टेपने पूर्ण झाक, त्यावर मेणाचं पॉलिश, मग फायबरग्लासच्या मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) आणि रेझिनचे तीन-चार थर थेट गाडीवरच दे, बेस अगदी फ्रेमच्या आकाराचा निघतो. पत्रा थरथरत राहतो. आणि मास्क घाल, घासताना ती धूळ फार वाईट.